हत्ती बांधा म्हणून विकलेली दोरी: तंगूस घेताना होणारी फसवणूक

गळाच्या दोरीच्या डबीवर छापलं होतं: आठ पेडी, ०.१६ मिमी, ४० पौंड, ५०० मीटर. छापील किंमत २,४९९ रुपये, विक्री ३९९. विकणाऱ्याचं बोलणंही तसंच, "मालक, हत्ती बांधा, तुटायची नाही." सोलापुरातल्या एका नवख्याने ती विणीची, म्हणजे अनेक पेड विणून केलेली दोरी घेतली आणि उजनीच्या फुगवट्यावर नेली. गाठ बसेना, फेक लांब जाईना, २५०० आकाराच्या रिळावर सगळी मावेना. पण मासा लागला तेव्हा दोरी तुटली नाही. म्हणून त्याला माल अस्सल वाटला आणि त्याच्या सांगण्यावरून आणखी दोघांनी तीच घेतली.

दोरी तुटली नाही, कारण ती छापल्यापेक्षा बरीच जाड होती. या धंद्यातली सर्रास लबाडी ताकदीत नसते, जाडीत असते. जाड दोरी द्यायची, डबीवर बारीक लिहायचं. मग नुसती ओढून पाहणारा गिऱ्हाईक खूश होतो आणि फेक का जात नाही म्हणून स्वतःच्या हातालाच दोष देतो.

ही लबाडी काट्यावर पकडता येते. यंत्रमागाच्या गावात डेनिअर समजावून सांगायला नको: ९,००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन. विणीच्या दोरीच्या जपानी मोजणीत १ नंबर म्हणजे २०० डेनिअर, जाडी साधारण ०.१६५ मिमी. अशी १०० मीटर दोरी सव्वादोन ग्रॅमच्या आसपास भरते. या दोऱ्या ज्या पॉलिइथिलीनच्या तंतूपासून विणतात, त्यातला उत्तम तंतू दर डेनिअरला ४० ग्रॅमच्या आसपास ताण सोसतो. २०० गुणिले ४० म्हणजे ८ किलो, फार तर १८ पौंड. ४० पौंड म्हणजे १८ किलो. एवढी ताकद त्या जाडीत बसतच नाही, मग डबीवर कोणत्या देशाचं नाव का असेना.

वरच्या दोरीचे १० मीटर सोनाराच्या काट्यावर ०.५५ ग्रॅम भरले. म्हणजे जवळपास ५०० डेनिअर, अडीच नंबर, जाडी ०.२६ मिमीच्या घरात. सगळ्या दोरीचं वजन, रिकामी डबी वजा जाता, साडेअठरा ग्रॅम. भागाकार केला तर ५०० मीटर कुठली, साडेतीनशेसुद्धा नाही. टोक सुईने उसवलं तर पेड चारच. एका डबीत तीन खोटी विधानं.

नायलॉनच्या साध्या तंगुसालाही, म्हणजे न विणलेल्या एकेरी तंतूलाही, हाच हिशेब लागतो. १०० मीटरचं वजन ०.२५ मिमीला साडेपाच ग्रॅम, ०.३० ला आठ, ०.३५ ला अकरा आणि ०.४० ला सव्वाचौदा ग्रॅमच्या आसपास. डबीवर ०.३० असेल आणि १० मीटर १.४ ग्रॅम भरले तर तो ०.४० चा माल आहे. तुकडा कापायचा नसेल तर पेन्सिलीवर २० वेढे एकमेकांना चिकटवून घ्या आणि पट्टीने रुंदी मोजा. ६ मिमी आली तर ०.३०, ८ आली तर ०.४०. विणीची दोरी दाबली की चपटी होते, तिच्यासाठी हा उपाय नको, काटाच बरा.

ताकद तपासायला बादली पुरते. दोनेक मीटर तंगूस तासभर पाण्यात भिजवा, कारण ओलं नायलॉन कोरड्यापेक्षा कमजोर असतं आणि मासा काही कोरड्यात लागत नाही. वरचं टोक गुळगुळीत पाइपाला सात-आठ वेढे देऊन मगच बांधा. नाहीतर तुटते ती गाठ आणि दोष लागतो तंगुसाला. खालच्या टोकाला जमिनीपासून चार बोटं वर बादली लटकवा, तिची कडीही तशीच वेढ्यांनी बांधा आणि मगाने पाणी ओतत जा. एक लिटरला एक किलो, त्यात बादलीचं वजन मिळवा. ०.३० च्या चांगल्या नायलॉनने पाच-सहा किलो पेलावेत. त्याच जाडीवर १२ किलो लिहिलं असेल तर डबी खाली ठेवा.

आता फ्लोरोकार्बन, म्हणजे नायलॉनऐवजी दुसऱ्या, जड प्लास्टिकचं तंगूस. इथे फसवणूक सर्वांत महाग पडते, कारण ते नायलॉनच्या कितीतरी पट भावाने विकलं जातं आणि दिसायला दोन्ही सारखीच. डबीवर 'फ्लोरोकार्बन कोटेड' असेल तर आत नायलॉनच आहे, वरून नुसता हात फिरवलेला. ओळखायला १०० मिली पाण्यात ३५ ग्रॅम मीठ विरघळवा, भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाका, तंगुसाचा पेरभर तुकडा बोटांत चोळून बुडबुडे काढा आणि पाण्याखाली दाबून सोडा. नायलॉनची घनता १.१४, खाऱ्या पाण्याची १.२ च्या आसपास, म्हणून नायलॉन वर येतं. फ्लोरोकार्बन १.७८ चं, ते तळाला बसतं. कोटेड मालही वरच येतो. काही जण जाळून वास घ्यायला सांगतात, ते करू नका. फ्लोरोकार्बन जळताना विषारी वायू सुटतो. विणीच्या दोरीची परीक्षा साध्या पाण्यात होते: खरं पॉलिइथिलीन तरंगतं, पॉलिएस्टरची नक्कल बुडते.

नवख्याला विणीची दोरी विकणं हीही आमच्या मते एक फसवणूकच, भले माल खरा असो. ती जवळजवळ ताणत नाही, त्यामुळे झटका थेट गळावर जातो आणि माशाचं तोंड फाटतं. सैल गुंडाळली तर फेकताना गुंता होतो, गुळगुळीत रिळावर खाली थोडं नायलॉन नसेल तर अख्खी गरगर फिरते, आणि धरणातल्या दगडाला घासली की लवकर झिजते. मरळीसाठी शेवाळात टाकायची असेल तर ती हवीच, पण तो पुढचा धडा.

पहिल्या रिळाला साधं नायलॉन भरा. चिलापीला ०.२० ते ०.२५ पुरतं, रोहू-मृगळाला ०.३०, मोठ्या कटल्याची आशा असेल तर ०.३५. रिळाच्या काठाखाली दोन-तीन मिमी जागा सोडा. गळ बांधायच्या क्लिंच गाठीला पाच-सहा वेढे द्या आणि आवळण्याआधी थुंकी लावून ओली करा, कोरड्या गाठीत घर्षणाने नायलॉन भाजतं.

दुकानाच्या काचेत उन्हात ठेवलेली डबी घेऊ नका. सोलापूरचं ऊन सांगायला नको, आणि नायलॉन खराब करतात ते उन्हातले अतिनील किरण. एक साधी गाठ मारून झटका द्या. कट्‌कन तुटली, किंवा नखाखाली खरखर लागली, तर माल शिळा आहे. जाळ्याचं तंगूस किलोवर स्वस्त मिळतं, हातगळाला चालतं, पण रिळावर त्याची वेटोळी सुटत नाहीत. सुटं भरून घेताना मीटर मोजणारं यंत्र समोर फिरू द्या आणि मध्ये जोडगाठ नाही ना, हे बोटांतून ओढून बघा.

बंद डबीवर उत्पादक किंवा आयातदाराचं नाव-पत्ता, लांबी, एमआरपी आणि तक्रारीसाठी संपर्क छापणं वैध मापनाच्या २०११ च्या नियमांनुसार बंधनकारक आहे. आयातदाराचं नावच नसेल तर भांडायला समोर कोणी उरत नाही. ऑनलाइन माल आला की डबी उघडतानाचा व्हिडिओ घ्या, त्यातच काट्यावरचं वजन दिसू द्या, आणि रिळावर भरण्याआधी चाचण्या उरका, भरलेली दोरी परत घेत नाहीत. विक्रेत्याने हात वर केले तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. लांबी कमी निघाली असेल तर वैध मापन शास्त्र विभागाकडेही अर्ज देता येतो. बिल आणि डबी दोन्ही जपून ठेवा, आणि तक्रारीत 'दोरी खराब' असं न लिहिता छापलेली जाडी, भरलेलं वजन आणि निघालेली लांबी आकड्यांत लिहा.