स्वकरुणेचा ८ आठवड्यांचा ऑनलाइन वर्ग : एका व्हायोलिन शिक्षिकेचा अनुभव

कार्यक्रमानंतर कुणी "छान वाजवलंत" म्हणालं की माझं उत्तर ठरलेलं: "हो, पण वरचा सूर जरा चढला." २२ वर्षं वाजवतेय, १४ वर्षं शिकवतेय, आणि कौतुक सरळ घेणं मला कधी जमलंच नाही. म्हणून स्वकरुणेचा, म्हणजे स्वतःशी मायेनं वागायला शिकवणारा, हा वर्ग लावला.

क्रिस्टिन नेफ आणि ख्रिस्तोफर गर्मर या मानसशास्त्रज्ञांनी आखलेल्या अभ्यासक्रमावर तो बेतलेला आहे. आधी नेफ यांची २००३ सालची २६ विधानांची प्रश्नावली भरायची, प्रत्येक विधानाला १ ते ५ गुण. स्वतःशी मायेनं बोलण्यात मला सरासरी दोन गुणही मिळाले नाहीत.

एका सरावानं वर्ग वसूल झाला. मैत्रीण अडली तर तिला काय म्हणाल आणि स्वतःला काय म्हणता, ते शेजारी शेजारी लिहायचं. मी डावा हात तारेवर पहिल्या पोझिशनवरून (जागेवरून) तिसरीवर सरकवताना चुकणारा सूर घेतला. मैत्रिणीला लिहिलं, "अंगठा आवळलायस, आधी तो सैल सोड, मग हात सरकव." स्वतःला लिहिलं, "इतक्या वर्षांनी हेही येत नाही?" दोन्ही वाक्यं कितीदा तरी वाचली. दुरुस्ती होती ती फक्त पहिल्यात! मायेनं बोललं की ढिलाई येते, असं मी इतकी वर्षं धरून चालले होते.

मग वर्गातला अकरा वर्षांचा मुलगा आठवला. दोन ओळी वाजवून थांबायचा आणि आधी माझा चेहरा बघायचा. सूर कसा लागला हे त्याला त्याच्या कानापेक्षा माझ्या कपाळावरच्या आठीवरून कळायचं. आता मी आधी विचारते, "तुला कुठे खटकलं?" बहुतेक वेळा तो बरोबर जागा दाखवतो.

उणिवा आहेत. शिकवणाऱ्या बाई वादक नव्हत्या, उदाहरणं सगळी ऑफिसातली आणि घरातली. रंगमंचावर बो (गज) थरथरतो तेव्हा काय करायचं, यावर चकार शब्द नाही. छातीवर हात ठेवून श्वास घेण्याचा सराव मला भावला, पण दोन्ही हात वाद्यात गुंतलेले असताना तो कसा करणार?

शिवाय दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात जुनं दुखणं वर येऊ शकतं. आग लागलेल्या खोलीचं दार उघडलं की ज्वाळा उसळतात, त्यावरून याला 'बॅकड्राफ्ट' म्हणतात. मी दोन रात्री रडले. त्यामुळे परीक्षा किंवा मोठा कार्यक्रम तोंडावर असेल तर तो होऊ द्या, मग नाव नोंदवा. शिकवत असाल तर मात्र फार लांबवू नका.