घरच्या सर्व्हरसाठी एन१०० मिनी पीसी: वापरून सांगते

घरचा सर्व्हर, म्हणजे घरातले फोटो-सिनेमे सांभाळणारा सतत चालू कॉम्प्युटर, घ्यायचा म्हटलं की बहुतेक जण आधी प्रोसेसरचा वेग बघतात. मी आधी एकच विचारते: काही काम नसताना हा डबा किती वॅट खातो? सर्व्हर चोवीस तास चालू असतो आणि त्यातला बराचसा वेळ नुसता बसून असतो. दहा वॅट सतत चालले तर वर्षाला सुमारे ८८ युनिट होतात. जुना टॉवर साठ वॅट घेत असेल तर तेच ५२५ च्या वर जातात.

म्हणून इंटेलच्या एन१०० चिपचा तळहातावर मावणारा मिनी पीसी घेतला. २०२३ च्या सुरुवातीला आलेली ही चिप. चार कोर, चार थ्रेड, टीडीपी, म्हणजे चिपसाठी ठरवलेला वीज-उष्णतेचा आकडा, सहा वॅट. मात्र हा सहाचा आकडा चिपचा आहे, अख्ख्या डब्याचा नाही. माझ्याकडे भिंतीच्या सॉकेटला लावलेलं मीटर निवांत वेळी सात-आठ दाखवतं आणि पूर्ण ताण आला की वीसच्या वर जातं. त्यावर डेबियन लिनक्स आणि डॉकर (प्रत्येक अॅप वेगळ्या कंटेनरमध्ये चालवणारं सॉफ्टवेअर) टाकून फोटोंसाठी इमिच, जाहिराती अडवायला पाय-होल आणि सिनेमांसाठी जेलीफिन चालवते.

खरी मजा जेलीफिनमध्ये आहे. फोरके एचईव्हीसी (व्हिडिओचा एक फॉरमॅट) सिनेमा फोनला झेपेल असा लहान करून पाठवायचा, तर ते काम चिपमधलं क्विक सिंक, म्हणजे व्हिडिओसाठीचं खास हार्डवेअर, करतं. कंटेनरला ग्राफिक्सचं डिव्हाइस तेवढं जोडून द्यायचं, मग प्रोसेसर जवळपास मोकळाच राहतो. रास्पबेरी पाय ५ हा एका बोर्डवरचा छोटा कॉम्प्युटर इथेच मागे पडतो. त्यात व्हिडिओ एन्कोड करणारं हार्डवेअरच नाही, सगळा भार कोरवर येतो. शिवाय त्याला पाच व्होल्ट पाच अँपिअरचा अॅडॉप्टर, केस, एनव्हीएमई, म्हणजे वेगवान एसएसडीसाठी वेगळा बोर्ड असं एकेक जोडत गेलं की स्वस्ताईचा मुद्दा उरत नाही. सेन्सर जोडायचे असतील तर मात्र पायच घ्या, त्यासाठी लागणाऱ्या पिना मिनी पीसीवर मिळणार नाहीत.

घेतल्यावर लगेच बायोसमध्ये (कॉम्प्युटरच्या मूळ सेटिंगमध्ये) जाऊन वीज परत आली की आपोआप सुरू होण्याची सेटिंग चालू करा. ती नसेल तर दिवे गेल्यावर सर्व्हर बंदच पडून राहतो, आणि तुम्ही बाहेरगावी असाल तर काहीच करता येत नाही. सोबत आलेली एसएसडी कुठल्याशा अनोळखी कंपनीची होती. तिच्यावर फोटोंचा भरवसा ठेवायची माझी तयारी नव्हती, म्हणून पहिल्याच दिवशी बदलली. पंख्याचा आवाज रात्री शांततेत ऐकू येतो, झोपायच्या खोलीत ठेवू नका.

मर्यादा डिस्कची आहे. आत एक एम.२ (पट्टीसारखी एसएसडी) आणि एक अडीच इंची डिस्क, एवढीच जागा. बाहेरून साडेतीन इंची डिस्क यूएसबीने लावली तर ती फिरत असताना एकटीच पाच-सहा वॅट घेते, म्हणजे जवळपास अख्ख्या सर्व्हरइतके. रॅमलाही चॅनल, म्हणजे डेटा ये-जा करायची वाट, एकच. चार डिस्क लावायचा बेत असेल तर हा डबा घेऊ नका, जास्त साटा (डिस्क जोडायच्या) पोर्टांचा एन१०० मदरबोर्ड शोधा. दोन डिस्कांवर भागत असेल, तर मी आज पुन्हा हाच घेईन.