पिल्लाला जुलाब: उकडलेलं चिकन की पोटाचं खास खाद्य?

मांजरीचं पिल्लू आठ आठवड्यांहून मोठं, खेळतंय, खातंय, फक्त शी पातळ आहे, तरच हा प्रश्न घ्या. त्याहून लहान असेल, उलट्या किंवा रक्त असेल, तर त्याच दिवशी डॉक्टर.

खर्चात चिकन स्वस्त. कोपऱ्यावरच्या दुकानातलं पाव किलो बोनलेस किलोभराच्या पिल्लाला साधारण दीड दिवस पुरतं. डॉक्टर देतात ते पोटाचं खास तयार खाद्य महाग, पण कष्ट पाकीट फोडण्यापुरतेच. फक्त पिल्लांसाठीचंच मागा. चिकन मात्र मीठ-हळदीविना उकडून बारीक तोडायचं. कांदा-लसूण अजिबात नको, मांजरांना तो विषारी.

खरी मेख पोषणात आहे. नुसत्या चिकनमध्ये कॅल्शियम जवळजवळ नाही आणि टॉरिन उकडताना पाण्यात उतरतं. म्हणून ते पाणीही वाढा. तरी दोन-तीन दिवसांपुढे नको. खास खाद्य आठवडेही चालतं. पुण्याच्या एप्रिलात दोन्हींपैकी कुठलंही ओलं खाणं तासाभरात उचला.

दिवसातून पाच-सहा वेळा थोडं थोडं खायला, उपास नाही. दूध बंद. (दहीभातही आपल्यासाठीच ठेवा.)

कालच खाद्य बदललं आणि पोट बिघडलं, तर चिकन पुरे. जुलाब वारंवार होत असतील तर खास खाद्य, पण आधी जंतांसाठी शी तपासून.