तबकडी की सीडी : एकाच अँप्लिफायरवर आठ-नऊ महिने ऐकल्यावर

निकाल आधीच सांगून टाकतो. माध्यम म्हणून सीडी वरचढ आहे, याबद्दल माझ्या मनात आता शंका उरलेली नाही. पण आपल्याकडे जुन्या शास्त्रीय गाण्याच्या ज्या सीड्या निघाल्या, त्यांतल्या कितीतरींपेक्षा तेच ध्वनिमुद्रण पन्नास वर्षं जुन्या, ओरखडलेल्या तबकडीवर जास्त चांगलं वाजतं. दोन्ही विधानं एकाच वेळी खरी आहेत. ती कशी, ते सांगण्यासाठी हा पुढचा पसारा.

आधी सामान. टर्नटेबल ऑडिओ-टेक्निकाचा एटी-एलपी१२०एक्स यूएसबी, त्यावर त्याच्याबरोबरच येणारं व्हीएम९५ई कार्ट्रिज (सुई बसते तो भाग), सुईचा दाब दोन ग्रॅम. सीडी प्लेयर घरातला जुनाच. दोन्हींच्या वायरी एकाच अँप्लिफायरला, स्पीकर तेच, खोली तीच. ऐकतो ते बहुतेक हिंदुस्थानी शास्त्रीय, नाट्यसंगीत आणि थोडी भावगीतं. रॉक ऐकणाऱ्यांनी माझं फार मनावर घेऊ नये.

तुलनेत पहिली फसगत होते ती आवाजाच्या पातळीमुळे. दोन आवाजांतला जो जरासा मोठा, तो कानाला हमखास चांगला वाटतो. सीडी प्लेयर दोन व्होल्टच्या आसपास देतो. कार्ट्रिजमधून निघतात जेमतेम चार मिलिव्होल्ट, ते फोनो प्रीअँप वाढवतो तरी सीडीच्या मानाने आवाज बारीकच राहतो. म्हणून दर वेळी मोबाइलवरच्या डेसिबल मीटरने दोन्हीकडचा तंबोरा सारख्या पातळीला आणून मगच ऐकलं. हे न करता ‘सीडीचा आवाज कडक’ किंवा ‘रेकॉर्डचा आवाज मऊ’ असं कोणी म्हणत असेल तर ते मत मी तरी धरत नाही.

आता मुख्य गोष्ट. माझ्याकडे एका बुजुर्ग गायकाच्या यमनची एलपी आहे आणि त्याच ध्वनिमुद्रणाची, बऱ्याच वर्षांनी निघालेली सीडी आहे. नाव आणि कंपनी लिहीत नाही, कारण हे एकाच कंपनीचं दुखणं नाही. एलपी लावली की आधी तडतड, मग तंबोरे. निषादाचा तंबोरा आहे, जवारी छान उघडलेली, आणि तारेतून सुटणारा तो वरचा झणत्कार खोलीभर पसरतो. गायकाने ‘नी’ लावला की तो त्या झणत्कारातच मिसळतो, वेगळा काढता येत नाही. सीडी लावली की तडतड नाही, हिस्स (जुन्या टेपची सततची बारीक सरसर) नाही, सगळं स्वच्छ. पण तंबोराही जवळजवळ नाही! खाली गुंजणारा खर्ज आहे, त्याच्यावरचं सगळं गेलेलं. तबल्याच्या चाटीवरचा ‘ना’ वाजतो आणि मागे काही न ठेवता तुटतो. गायक श्वास घेतो तो तर पूर्णच कापलेला, त्यामुळे दोन आलापांच्या मध्ये माणूस खोलीबाहेर जाऊन आल्यासारखा वाटतो.

इथवर आलो की बहुतेक जण ‘शेवटी अ‍ॅनालॉग ते अ‍ॅनालॉग’ म्हणून मोकळे होतात. मला ते पटेना. टर्नटेबलला यूएसबीची सोय आहे, म्हणून तीच यमनची बाजू मी कॉम्प्युटरवर १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झला उतरवून घेतली, म्हणजे सीडीचं जे माप आहे तेच. काही सफाई केली नाही. कोऱ्या सीडी-आरवर लिहिली. एलपी आणि ही घरगुती सीडी एकाच वेळी सुरू केली, पातळी जुळवली, आणि बायकोला अँप्लिफायरपाशी बसवून सांगितलं, मनाला येईल तेव्हा बटण फिरव. मी पाठ करून बसलो.

आधी कंपनीची सीडी आणि एलपी अशी परीक्षा दिली होती तेव्हा एकही उत्तर चुकलं नव्हतं, पण त्यात काही शहाणपण नव्हतं, तडतडच चुगली करत होती. या वेळी तडतड दोन्हीकडे. आणि मला काहीही ओळखता आलं नाही. जवारी तशीच, श्वास तसाच, चाटीचा ‘ना’ तसाच विरत जाणारा. ‘रेकॉर्डचा गोडवा’ म्हणून जे काही मी ऐकत होतो ते सगळंच्या सगळं त्या वीस-तीस रुपयांच्या चकतीवर उतरलं होतं. (बायको शेवटी म्हणाली, ‘‘तू नुसते अंदाज ठोकतोयस, मी जाऊ का?’’)

म्हणजे दोष चकतीचा नाही. जुन्या टेपवरून सीडी करताना जी सफाई केली जाते, तिचा आहे. हिस्स काढणारी यंत्रणा काय करते, तर सतत चालू असलेला, बारीक, वरच्या पट्टीतला आवाज शोधून दाबते. तंबोऱ्याची जवारी नेमकी तशीच असते, सतत, बारीक आणि वरच्या पट्टीतली. पियानो किंवा व्हायोलिनच्या संगीतात अशी सफाई थोडीफार खपून जाते. आपल्या गाण्यात जी गोष्ट पाया म्हणून मागे चालू असते, तिलाच यंत्र कचरा समजतं. त्यावर पोकळी भरून काढायला थोडा घुमारा, म्हणजे रिव्हर्ब, चढवायचा. जुन्या चित्रपटगीतांवर ‘झंकार बीट्स’ चढवून विकणाऱ्या जमान्याचीच ही जरा सभ्य भावंडं.

माझ्या खोलीतल्या प्रयोगाला कोणी विचारणार नाही, म्हणून एक मोठा प्रयोग सांगतो. २००७ साली ई. ब्रॅड मायर आणि डेव्हिड मोरान यांनी तो ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या नियतकालिकात छापला. एसएसीडी आणि डीव्हीडी-ऑडिओसारख्या उंची माध्यमांचा आवाज मध्येच सीडीच्या १६ बिट, ४४.१ च्या मापातून काढून ऐकवला तर ऐकणाऱ्याला कळतं का, हा प्रश्न. ५५४ वेळा विचारलं, २७६ उत्तरं बरोबर आली. नाणं उडवलं असतं तरी साधारण तेवढीच आली असती.

आणि २०२२ सालची मोबाइल फिडेलिटीची गोष्ट तर शौकिनांना ठाऊक असेलच. या अमेरिकन कंपनीच्या महागड्या एलपी लोक शुद्ध अ‍ॅनालॉग म्हणून कित्येक वर्षं डोक्यावर घेऊन नाचत होते. मग उघड झालं की त्यांतल्या पुष्कळ एलपींच्या वाटेत मध्ये एक डिजिटल टप्पा होता. तोवर तो कोणाच्या सोन्याच्या कानांना टोचला नव्हता. ‘सीडीत आवाजाचे तुकडे पडतात, पायऱ्या पडतात’ असं अजूनही ऐकवलं जातं. प्लेयरमधून बाहेर पडणारी लहर सलग असते, पायऱ्या तिथवर पोचत नाहीत. २२ किलोहर्ट्झच्या वरचं सीडीत नसतं हे खरं, पण माझ्या पन्नाशीच्या कानांना १४ च्या वरचंही फारसं येत नाही.

तबकडी कुठे कमी पडते ते आता सांगतो, आणि ते कमी नाही.

एलपी मिनिटाला ३३⅓ फेरे घेते. बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला पन्नास सेंटिमीटर खोबणी सरकते, लेबलजवळ पोचेपर्यंत जेमतेम वीस-एकवीस. तोच आवाज निम्म्याहून कमी जागेत कोंबलेला, त्यामुळे आतल्या खोबणीत ‘स’, ‘श’ फाटतात आणि वरचे स्वर चुरगळतात. आता ख्यालाची बांधणी आठवा. विलंबित आधी, द्रुत शेवटी. म्हणजे संथ आलाप तबकडीच्या सगळ्यात चांगल्या जागेवर आणि जोरकस तानांची बरसात सगळ्यात वाईट जागेवर! तार सप्तकात आकाराची तान गेली की माझी सुई दर वेळी थोडी घोगरी होते. एखाद्या गायकाची तान दाणेदार नाही असं मत केवळ एलपीवरून बनवलं असेल तर ते एकदा सीडीवर तपासून बघा.

दुसरं दुखणं मावशीने पकडलं. ती गाणं शिकवते. चहाचा कप घेऊन बसली होती, मी एक मारवा लावला होता, आणि दोन मिनिटांत म्हणाली, ‘‘अरे, तुझा षड्ज हलतोय.’’ मला आधी काही कळेना. मग नीट कान दिला तर तंबोरा खरंच झोके घेत होता, पावणेदोन सेकंदांना एक. म्हणजे तबकडीचा एक फेरा. मधलं भोक किंचित बाजूला पडलेलं होतं. अर्ध्या मिलिमीटरचीही चूक असली तर आतल्या खोबणीत सूर दोन्ही बाजूंना ०.८ टक्क्याने सरकतो, म्हणजे सगळ्यात लहान श्रुतीच्या अर्ध्याहून अधिक. ढोल-गिटारच्या गाण्यात हे कोणाच्या लक्षातही येणार नाही. ज्या संगीतात एक षड्ज अखंड चालू आहे, तिथे ते एकदा कळलं की मग दुसरं काही ऐकूच येत नाही. मावशीने माझ्या सहा-सात तबकड्या अशा नासवल्या आहेत. सीडीत हा रोगच नाही, तिचं घड्याळ क्वार्ट्झचं.

(सीडीचा सूर स्थिर असतो, बरोबर असतोच असं नाही. एका सीडीवर गायकाची पट्टी एलपीपेक्षा चांगली चढी निघाली. टर्नटेबलच्या कडेवरचे स्ट्रोबचे ठिपके जागच्या जागी होते, म्हणजे माझ्याकडे वेग नेमका होता. ७८ च्या जुन्या तबकड्यांवरून केलेल्या संग्रहांत तर हे फारच चालतं, कारण सुरुवातीच्या काळात त्या सगळ्या मोजून ७८ ला कापलेल्या नसत. काळी एकला गाणारा माणूस काळी दोनला जाऊन बसतो आणि आवाज उगाच बालिश होतो.)

वेळेचा मुद्दा तर उघडच आहे. एलपीची एक बाजू वीस-बावीस मिनिटं. किशोरीताई आमोणकरांच्या त्या प्रसिद्ध तबकडीवर एका बाजूला भूप आणि दुसऱ्या बाजूला बागेश्री, आणि त्या मर्यादेत राग इतका भरून उभा राहतो की तक्रार करायला तोंड उघडत नाही. पण मैफलीतली ध्वनिमुद्रणं, जिथे विलंबितच पाऊण तास चालतं, ती सीडीनेच घरात आणली. त्यांच्यावर सफाईचे हातही कमी फिरले आहेत. माझ्या उत्तम सीड्या जवळजवळ सगळ्या याच जातीच्या आहेत, आणि त्या वाजताना टर्नटेबलची आठवणही येत नाही.

देखभालीचं थोडक्यात. पावसाळ्यात तबकड्यांवर बुरशी धरते. डिस्टिल्ड वॉटर, त्यात थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ फडकं, एवढ्यात निम्मी तडतड जाते. ७८ च्या तबकडीला मात्र अल्कोहोल लावू नका, ती लाखेची असते, विरघळेल. घूं असा आवाज येत असेल तर टर्नटेबलची अर्थची वायर अँप्लिफायरच्या स्क्रूला लागली आहे का बघा. या सुईचं आयुष्य कंपनी ३०० तास सांगते. पुढची सुई याच कार्ट्रिजमध्ये बसणारी व्हीएमएन९५एमएल घेणार आहे, तिचं टोक जास्त बारीक घडवलेलं असतं आणि आतल्या खोबणीत तिचा फायदा होतो असं म्हणतात. ७८ साठी याच मालिकेत एसपी सुई मिळते.

घ्यायचं काय, असं विचाराल तर नव्याने छापलेल्या दोन-तीन हजारांच्या एलपींपासून लांब राहा, निदान जुन्या गाण्याच्या. त्यातल्या बऱ्याच डिजिटल फाइलवरूनच कापतात, मग तडतडीचे पैसे वेगळे कशाला द्यायचे? जुन्या एलपी पुण्याच्या जुन्या बाजारात, मुंबईत चोरबाजारात अजून मिळतात. दमदमच्या कारखान्यातल्या एचएमव्ही असतील तर नंबर बघा. ईएएलपी, ईसीएलपी म्हणजे मोनो, ईएएसडी, ईसीएसडी म्हणजे स्टिरिओ. एकट्या गायकाच्या गाण्याला मोनो मुळीच वाईट नसते. तबकडी तिरकी धरून दिव्याखाली बघा, खोबणी करडी दिसत असेल तर ती जड सुईच्या प्लेयरवर झिजलेली आहे, ती धुऊन सुधारत नाही.

सीड्या तर सध्या रद्दीवाल्याकडे पन्नास-शंभरात पडून असतात. पाठीवर ‘रिमास्टर्ड’, ‘एन्हान्स्ड’ असं ठळक छापलेलं असेल तर जरा थांबा, शक्य झालं तर तंबोऱ्यापुरती वाजवून बघा. सुरुवातीच्या काळातल्या, थोडी हिस्स तशीच ठेवलेल्या सीड्या मिळाल्या तर डोळे मिटून उचला. खालच्या, चकाकत्या बाजूच्या ओरखड्यांना घाबरू नका. अडीच मिलिमीटरपर्यंतची सलग खोट प्लेयर स्वतःच भरून काढतो. छापील बाजूचा ओरखडा मात्र नीट तपासा, कारण परावर्तन करणारा थर त्या छपाईच्या लगेच खाली असतो आणि तो गेला की गेला.