गौरी एकीकडे, शंकर दुसरीकडे

मी बँकेत ३१ वर्षं काढली, त्यातली ९ कॅशला. खोटी नोट डोळ्यांआधी बोटांना कळते, असं मी सांगलीभर सांगत फिरायचो. हे आधीच कबूल करून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना तुम्हाला हसायला संकोच वाटणार नाही.

मी, आमची ही आणि हिची धाकटी बहीण असे तिघं चार दिवसांसाठी काठमांडूला गेलो. टूर कंपनी मुद्दामच घेतली नाही. त्यांचा अर्धा दिवस दुकानांतच जातो, असं माझं ठाम मत होतं. अजूनही आहे, पण आता ते मी जरा हळू आवाजात मांडतो.

पहिला दिवस उत्तम गेला. स्वयंभूच्या पूर्वेकडच्या ३६५ पायऱ्या चढताना मेव्हणीच्या हातातलं केळं माकडानं पळवलं, तेवढंच काय ते नुकसान. वर स्तूपाशेजारी लहान मुलांना सांभाळणाऱ्या हारितीदेवीचं देऊळ आहे. अजिंठ्याच्या २ नंबरच्या लेण्यात बसलेली हारिती तीच. तिथे ती दगडात आहे, इथे तिला अजून हळदकुंकू वाहतात. हिंदूही येतात, बौद्धही येतात. ही तिथून हलायलाच तयार नव्हती. दुपारी पाटणला सिद्धिनरसिंह मल्लानं १६३७ मध्ये बांधलेलं दगडी कृष्णमंदिर पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बौद्धनाथला गेलो. २०१५च्या भूकंपात या स्तूपाच्या शिखराला तडे गेले होते आणि ते पुन्हा बांधून काढलं, हे सांगितल्याशिवाय कळत नाही. प्रदक्षिणा घालताना एक तरुण सोबत चालू लागला. म्हणाला, वर थांका म्हणजे कापडावरच्या बौद्ध चित्रांची शाळा आहे, बघायला पैसे नाहीत. गेलो. दोन मुलं मांडी घालून बारीक कुंचल्यानं मंडल रंगवत होती आणि आतल्या खोलीत तीच चित्रं तीन दरांत: विद्यार्थ्याचं, मास्टरचं आणि लामाचं. हिनं एका चित्राला नाक लावलं आणि माझ्या कानात पुटपुटली, "अहो, हे छापलेलं आहे. वरून नुसता सोनेरी रंग फिरवलाय." आम्ही नमस्कार करून खाली उतरलो. मला कोण आनंद झाला होता! पशुपतिनाथला जाताना टॅक्सीत मी त्या दोघींना पर्यटकांना कसं गंडवतात यावर वीस मिनिटं ऐकवलं. टॅक्सीवाला आरशातून बघत होता.

पशुपतिनाथच्या फाटकाबाहेर एक पन्नाशीचा माणूस भेटला. कपाळाला भस्म, अंगावर साधा स्वेटर. "या काका, या मावशी," असं चक्क मराठीत म्हणाला. पुढचं सगळं हिंदीत. मी लगेच विचारलं, "कितना लोगे?" त्यानं कानाला हात लावले. "पैसा नहीं काका. सेवा है."

त्यानं आम्हाला जे जे सांगितलं ते सगळं खरं होतं. भारतीयांना तिकीट लागत नाही. खरं. गाभाऱ्यातले भट्ट पुजारी दक्षिणेतून येतात. खरं. आत फोटो काढायचे नाहीत, चामड्याची वस्तू चालत नाही. तेही खरं. मला वाटलं होतं फसवणारा माणूस खोटं बोलतो. हा तासभर एक शब्द खोटं बोलला नाही.

तर चामडं. माझा पट्टा, पाकीट, हिची पर्स, आणि तिघांच्या चपला. "इस दुकान में रख दीजिए, अपना ही आदमी है, कुछ नहीं लेगा." दुकान पूजेच्या सामानाचं होतं. पैसे आणि पासपोर्ट खिशात घेतले, बाकी सगळं दुकानात ठेवलं. पँट एका हातानं धरून दर्शनाला जाणाऱ्या माणसाची ऐट किती उरते ते विचारू नका. पण महत्त्वाचं हे की, त्या क्षणी आमचं परत त्याच दुकानात येणं पक्कं झालं होतं.

दर्शन फार चांगलं झालं. पश्चिमेच्या दारासमोर तो अवाढव्य सोनेरी नंदी, चारही दारांतून दिसणारं मुखलिंग. मग पलीकडच्या काठावर बसून आर्यघाटावरच्या चिता पाहिल्या. बागमतीला पाणी थोडंच होतं. एक मुलगा बापाला अग्नी देत होता आणि दहा हातांवर माकडं खेळत होती. हिचे डोळे भरून आले. तो माणूस मागे काही न बोलता उभा होता. अशा जागेवरून उठलेलं माणूस मऊ झालेलं असतं, हे त्याला आमच्यापेक्षा जास्त माहीत होतं.

परत दुकानात आलो तर चहा तयार. मेव्हणीनं सहज रुद्राक्षांकडे बघितलं. दुकानदार म्हणाला, "एकमुखी मत लीजिएगा दीदी. यहाँ जो एकमुखी बेचे, वो चोर है." मी मान डोलावली, कारण हे मला वाचून माहीत होतं. मुख म्हणजे दाण्यावरची देठापासून टोकापर्यंत जाणारी रेष. नेपाळचा गोल एकमुखी दाणा जवळपास मिळतच नाही आणि काजूच्या आकाराचा जो एकमुखी म्हणून खपवतात, ते वेगळ्याच झाडाचं बी असतं. माणूस प्रामाणिक आहे, अशी माझी खात्री पटली. माझ्या मनातली शंका त्यानं माझ्याआधी बोलून दाखवली आणि मी तिथेच पहारा उठवला.

मग त्यानं गौरीशंकर काढला. दोन दाणे झाडावरच जन्मतः जुळलेले, असं त्याचं महात्म्य. सोबत एक सातमुखी. दोन्ही पाण्यात टाकून दाखवले, बुडाले. तांब्याच्या दोन नाण्यांत धरले, गरकन फिरले. या दोन्ही चाचण्यांना काडीचा अर्थ नाही, हे मला नंतर कळलं. दाणा बुडतो की तरंगतो हे तो किती सुकलाय यावर ठरतं, आणि खडबडीत कुठलीही गोल वस्तू दोन नाण्यांत दाबली की फिरते. जायफळसुद्धा फिरतं, मी घरी करून पाहिलंय. दोन्हींना प्लॅस्टिकचं प्रमाणपत्रही होतं, वजन आणि फोटोसकट.

दोन्हींचे मिळून पंचवीस हजार सांगितले. मी घासाघीस करून अठरावर आणले. आता आकडा नीट बघा. तिथे शंभर भारतीय रुपयांचे एकशे साठ नेपाळी, हा दर वर्षानुवर्षं ठरलेला आहे. बाजारात भारतीय रुपयाला 'आयसी' म्हणतात, नेपाळीला 'एनसी'. अठरा हजार एनसी म्हणजे आपले ११,२५०. डोक्यात हा हिशोब करूनच मी हो म्हटलं होतं. मी वाघाच्या पाचशेच्या आणि हत्तीच्या हजाराच्या नेपाळी नोटा मोजायला लागलो, तर दुकानदार हसून म्हणाला, "काका, दाम आयसी में बोला था. इंडियन पार्टी से हम आयसी में ही बोलते हैं."

म्हणजे २८,८०० एनसी. तोवर ते मणी लाल दोऱ्यात ओवून झाले होते. त्या भस्मवाल्यानं हिच्या हातावर ठेवून मंत्र म्हटला होता. मेव्हणीनं डोळे मिटून नमस्कार केला होता. माझा पट्टा अजून त्यांच्या फळीवर होता. बँकेत एखादा खातेदार दर न विचारता सही करायला निघाला, की मी त्याला झापायचो. इथे मी १६,००० एनसी दिले, म्हणजे आपले दहा हजार, आणि वर शंभराच्या ८० भारतीय नोटा. घासाघीस झाल्यावर मागे फिरायची लाज वाटली, इतकंच कारण.

"यूपीआय?" मी विचारलं होतं. तिथे आता बऱ्याच दुकानांत आपलं यूपीआय क्यूआरवर चालतं. "मशीन बंद है." चालू असतं तर निदान पैसे कुणाच्या नावावर गेले, ते तरी कळलं असतं. बिल म्हणून एक चिठोरी मिळाली. तिच्यावर दुकानाचं नाव नाही, पॅन नंबर नाही, नुसतं 'रुद्राक्ष २ नग'. मी ती घडी घालून पासपोर्टात ठेवली, जशी काही मुदत ठेवीची पावती.

घरी आल्यावर दुसऱ्याच सोमवारी हिनं गौरीशंकराला कोमट पाण्यानं अभिषेक घातला आणि तो ताम्हनात तसाच राहिला. संध्याकाळी हाक आली, "अहो, इकडे या जरा." ताम्हनात गौरी एकीकडे आणि शंकर दुसरीकडे. मधला भाग घासून सपाट केलेला, त्यावर डिंकासारखं काहीतरी, आणि त्यात सांध्यावर चिकटवलेली रुद्राक्षाचीच भुकटी. दोन साधे पंचमुखी दाणे. पंचमुखी सगळ्यात जास्त पिकतो, म्हणून सगळ्यात स्वस्त.

सातमुखीची आशा होती. माझ्या भाच्याचा दातांचा दवाखाना आहे. तो म्हणाला, "मामा, आणा इकडे, अक्कलदाढ समजून फोटो काढतो." दातांच्या एक्स-रेत दाण्याच्या आतले कप्पे स्वच्छ दिसतात. जितकी मुखं, साधारण तितके कप्पे. पाच दिसले. मग भिंगाखाली पाहिलं. पाच रेषा देठापासून टोकापर्यंत वेड्यावाकड्या, काट्यांमधून वाट काढत गेलेल्या. उरलेल्या दोन सरळ आणि कडा धारदार, म्हणजे कानशीनं कोरलेल्या. प्रमाणपत्र काढून चष्मा लावून वाचलं. त्यावर 'सात मुखी' असं कुठेच नव्हतं. इंग्रजीत लिहिलं होतं, नैसर्गिक बी, पृष्ठभागावर रेषा ७. आयुष्यभर लोकांना बारीक अक्षरं वाचायला लावली आणि स्वतः कार्ड नुसतं चकाकतंय म्हणून खिशात टाकलं.

काठमांडूत पर्यटकांसाठी वेगळे पोलीस आहेत. पण तक्रार करायची तर दुकान कोणतं ते सांगायला हवं. त्या गल्लीत तशी शेकड्यानं दुकानं आहेत. आमच्याकडे 'रुद्राक्ष २ नग' एवढाच पत्ता.

तुम्ही जाणार असाल तर जरूर जा. चामड्याचा पट्टा, पाकीट हॉटेलवरच ठेवून जा. चपला काढायच्याच आहेत, तर स्वस्तातल्या घाला. कोणी आकडा बोललं की पहिला प्रश्न हाच करा, आयसी की एनसी, आणि उत्तर कागदावर लिहून घ्या, टॅक्सीतसुद्धा. रुद्राक्ष घ्यायचाच असेल तर साधा पंचमुखी घ्या. त्याची नक्कल करण्यात कुणाचा फारसा फायदा नसतो. महागातला घेणार असाल तर आधी एक्स-रे, मग पैसे, आणि तेही पॅन नंबर असलेल्या बिलावर. याला जो दुकानदार हो म्हणेल, त्याच्याकडेच बसा.

ही मात्र शांत आहे. तिनं तिन्ही दाणे देवघरात ठेवले. "पंचमुखी तर आहेत ना? रुद्राक्ष खोटे नाहीत, माणसं खोटी होती," असं म्हणते. यावर मला अजून उत्तर सापडलेलं नाही.

त्या भस्मवाल्यानं निघताना माझा व्हॉट्सअ‍ॅप नंबर घेतला होता, स्वतःचाही दिला होता. फोन मी बरेच केले, त्यानं एकही उचलला नाही. महाशिवरात्रीच्या आदल्या रात्री मात्र त्याचा मेसेज आला. बेलपत्राचं चित्र, त्याखाली हात जोडलेले, आणि त्याखाली एक ओळ: "काका, प्रणाम. इस बार असली एकमुखी आया है, सिर्फ आपके लिए रखा है."