पाचही स्पीकर वाजले, पण सराउंड नव्हतं

मागच्या दिवाळीत मुलाच्या कॉम्प्युटरला ५.१ स्पीकरचा सेट घेतला, म्हणजे पाच स्पीकर आणि जड आवाजाचा एक वूफर, आवाज चारही बाजूंनी वेगवेगळा यावा म्हणून (यालाच सराउंड म्हणतात), आणि ९,५०० रुपयांना फसलो. आठवड्याभरात त्याच दुकानात आणखी ८०० रुपये घालवले. तसलेच सेट तशाच बोलण्यावर विकले जाताना मी नंतरही पाहिले आहेत, म्हणून सगळं सविस्तर लिहितो.

दुकान नागपूरच्या बर्डीतलं. दिवाळीच्या तोंडावर पाय ठेवायला जागा नव्हती. दुकानदारानं पेनड्राइव्हवरचं गाणं लावलं आणि मला एकेका स्पीकरजवळ कान न्यायला सांगितला. "पाचही वाजून राहिले न भाऊ? मग? डोळे झाकून घेऊन जा." वाजत तर होतेच. वूफरचा दणका छातीत बसत होता. खोक्यावर ठळक अक्षरांत '१०,००० वॅट पीएमपीओ', म्हणजे क्षणभराची कमाल ताकद. पक्कं बिल मागितलं तर म्हणाला, जीएसटी वरून लागेल. पैसे वाचतात म्हणून मी साध्या चिठ्ठीवर राजी झालो. तिच्यावर शिक्का होता, 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही'. ही चिठ्ठी पुढे फार महागात पडली.

दोन दिवसांनी मुलगा गेम खेळता खेळता थांबला. "बाबा, माणूस माझ्या मागून येऊन राहिला, पण पावलं समोरूनही ऐकू येतात." मला आधी वाटलं वायर उलटसुलट लागली असेल. आम्ही दोघांनी विंडोजच्या साउंड सेटिंगमध्ये जाऊन 'कॉन्फिगर' उघडलं, ५.१ निवडलं आणि पडद्यावरच्या एकेका स्पीकरच्या चित्रावर क्लिक केलं. पुढचा डावा दाबला, तर पुढचा आणि मागचा असे दोन्ही डावे एकदम वाजले. मागचा डावा दाबला, तर घरभर शांतता. मधला दाबला, तरी तेच.

मग वूफर फिरवून मागची बाजू बघितली. आवाज आत जायला फक्त दोन भोकं होती, एक लाल, एक पांढरं. सोबत आलेली वायर एकच, तिच्या टोकाला कॉम्प्युटरच्या हिरव्या जॅकमध्ये जाणारी एक पिन. तिथेच सगळं कळलं. ५.१ म्हणजे सहा वेगवेगळे आवाज : पुढचे दोन, मागचे दोन, मधला आणि वूफरचा. एका हिरव्या पिनेतून दोनच जातात. सहासाठी तीन पिना लागतात. हिरवी पुढच्यांना, काळी मागच्यांना, नारिंगी मधल्याला आणि वूफरला. आमच्या सेटमध्ये डावा-उजवा हेच दोन आवाज पाच डब्यांत वाटून दिले होते. ब्लूटूथ लावलं तरी फरक पडत नाही, कारण स्पीकरच्या साध्या ब्लूटूथवर दोनच आवाज येतात. ज्या सेटला ऑप्टिकल किंवा एचडीएमआय जोडणी आणि स्वतःचा डिकोडर (एकाच वायरीतून आलेले आवाज वेगळे करणारा भाग) असतो, त्यांची गोष्ट वेगळी. आमच्याला त्यातलं काहीच नव्हतं.

वूफरच्या मागेच एक छोटं लेबल होतं : २३० व्होल्ट, ६० वॅट. भिंतीतून ६० वॅट घेणारी वस्तू १०,००० वॅटचा आवाज कुठून देणार? घरातला गिझर २,००० वॅटचा असतो. पीएमपीओ या आकड्याला काही अर्थ नाही. आरएमएस, म्हणजे सतत मिळणारी खरी ताकद, किती ते विचारायचं, आणि ते या लेबलशी ताडून बघायचं.

दुकानात परत गेलो तर तो शांतपणे म्हणाला, "तुमच्या कॉम्प्युटरचा प्रॉब्लेम आहे भाऊ, साउंड कार्ड टाका." आणि '७.१' लिहिलेलं अंगठ्याएवढं यूएसबी कार्ड ८०० रुपयांना दिलं. मी ते घेतलं, याचा मला आजही राग येतो. त्याला दोनच भोकं होती, एक हेडफोनचं, एक माइकचं. त्यातून सात सोडा, मागचे दोन आवाजही निघणार नव्हते. घरी येऊन कॅबिनेटची मागची बाजू बघितली, तर काळा आणि नारिंगी जॅक पहिल्या दिवसापासून रिकामेच होते. कॉम्प्युटरमध्ये काहीच कमी नव्हतं.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, म्हणजे १९१५ ला, फोन केला. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल न देणं आणि सदोष माल परत घ्यायला नकार देणं, दोन्ही अनुचित व्यापार प्रथेत मोडतात. बिलावर मुदत नसेल, तर ३० दिवस धरतात. म्हणजे त्या शिक्क्याला घाबरून गप्प बसायचं कारण नव्हतं. पण माझ्या चिठ्ठीवर दुकानाचं नाव नाही, मॉडेल नाही, आणि स्पीकरचे पैसे रोख दिलेले. साउंड कार्डाचे पैसे मात्र यूपीआयनं गेले होते. ती नोंद दाखवून, तक्रार केल्याचं सांगितल्यावर ८०० रुपये परत मिळाले. ९,५०० गेले ते गेलेच.

या उन्हाळ्यात दुसरा सेट घेतला, तो तीन पिनांचा. दुकानातच त्यांच्या कॉम्प्युटरला जोडून एकेक स्पीकर वेगळा वाजवून दाखवा म्हटलं. पहिल्या दोन दुकानांनी टाळाटाळ केली, तिसऱ्यानं पाच मिनिटांत दाखवलं. पक्कं बिलही दिलं. घरी मागचे स्पीकर खुर्चीच्या पार मागे भिंतीला न टांगता दोन्ही बाजूंना, कानाच्या रेषेपासून थोडे मागे ठेवले आहेत. साधी गाणी लावली की ते गप्प असतात, कारण गाण्यांत बहुधा दोनच आवाज असतात. तो दोष नव्हे.

जुना सेट गेल्या महिन्यात एका कॉलेजच्या पोराला १,५०० रुपयांत दिला. दोन स्पीकर आणि वूफर एवढंच आहे, असं त्याला स्पष्ट सांगितलं. उरलेले तीन डबे तसेच दिले, त्यांचे पैसे घेतले नाहीत.