फायर प्लेचा तयार संच: काकडे उत्तम, डबा मात्र बदलावा लागतो

परस्परांच्या संमतीने, आधी नीट बोलून फायर प्ले (अंगावरून क्षणभर ज्योत फिरवण्याचा खेळ) करणाऱ्या प्रौढांसाठी विकला जाणारा हा संच मी जोडीदारासोबत वापरण्यासाठी मागवला. त्यात दोन काकडे (टोकाला बोळा असलेल्या छोट्या मशाली), इंधनासाठी स्टीलचा डबा, फायर ब्लँकेट आणि सूचनापत्रक आहे. अशा साहित्याची पारख ते पेटते कसे यापेक्षा विझते कसे यावर करावी, असे माझे ठाम मत आहे.

काकड्यांचे काम मन लावून केलेले आहे. केव्हलर या आगीत न वितळणाऱ्या धाग्याची पट्टी दांड्यावर घट्ट गुंडाळून केव्हलरच्याच दोऱ्याने शिवली आहे. हे महत्त्वाचे आहे, कारण नायलॉनचा दोरा वितळून कातडीला चिकटतो आणि सैल बोळा पेटलेल्या अवस्थेतच गळून पडू शकतो. तरीही प्रत्येक वेळी भिजवण्यापूर्वी बोळा ओढून आणि पिळून पाहावा. ज्योत विझल्यावरही आतला धातू बराच वेळ तापलेला राहतो, म्हणून तो अंगाला लागू देऊ नये.

पत्रकात ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरण्याची सूचना आहे आणि ती योग्य आहे. त्यातले पाणी बरीचशी उष्णता शोषून घेते, त्यामुळे ९९ टक्क्यांच्या अल्कोहोलपेक्षा आच सौम्य राहते. पेट्रोल, रॉकेल किंवा मिथेनॉल मिसळलेले स्पिरिट कधीही वापरू नये, आणि सॅनिटायझरचे जेल तर मुळीच नको, कारण ते पेटलेले असतानाच कातडीला चिकटून राहते.

संचाची खरी उणीव डब्यात आहे, कारण त्याचे झाकण सैल बसते. शुद्ध आयसोप्रोपिलची वाफ सुमारे १२ अंश सेल्सिअसलाही पेट घेऊ शकते. पाणी मिसळल्याने हा आकडा थोडा वर सरकतो, पण आपल्याकडच्या खोलीत तो बहुतेक ऋतूंत ओलांडलेलाच असतो. शिवाय ही वाफ हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत पसरते. मी घट्ट झाकणाचा दुसरा डबा घेतला. काकडा थेंब गळणार नाही इतका पिळून घ्यावा, झाकण लावून डबा दूर नेऊन ठेवावा आणि मगच ज्योत लावावी; पेटलेला किंवा गरम काकडा पुन्हा डब्यात बुडवू नये.

ब्लँकेट काचतंतूंचे, पुरेसे मोठे आणि झटकन उघडणारे आहे. त्याच्या जोडीला ओला सुती पंचा हाताशी हवाच, कारण अंगावरची छोटी ज्योत त्याने लगेच दाबता येते. गादीसाठी किंवा पडद्यासाठी अग्निशामक असावा आणि तो चालवता येणारी, मद्य न घेतलेली तिसरी व्यक्ती जवळ असावी.

पत्रकात काही गोष्टी राहून गेल्या आहेत. पंखा बंद करणे, केस बांधून ओल्या फडक्याखाली घेणे, हेअरस्प्रे, अत्तर आणि कृत्रिम धाग्याचे कपडे टाळणे, आणि ऐकताक्षणी सगळे थांबेल असा शब्द ठरवणे यांचा त्यात उल्लेखही नाही. अल्कोहोलची निळसर ज्योत प्रखर उजेडात जवळजवळ दिसत नाही, त्यामुळे दिवा मंद ठेवावा, हेही त्यात सांगायला हवे होते. भाजल्यावर काय करावे याबद्दलही पत्रक गप्प आहे: भाजलेला भाग २० मिनिटे वाहत्या थंड पाण्याखाली धरावा, बर्फ किंवा टूथपेस्ट लावू नये, आणि फोड आल्यास किंवा चेहरा, हात अथवा गुप्तांग भाजल्यास थेट डॉक्टरांकडे जावे.